फोनमधले अण्णा आणि पायांसकट अण्णा

अण्णा रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा धो धो पाऊस कोसळत होता आणि त्यांच्या काखेत नवी कोरी छत्री होती. बंद. मी म्हटलं, अहो उघडा की ती. तर म्हणाले, कशाला, नवी आहे, भिजेल उगीच. आणि मिशीतून ओघळणारं पाणी फुंकत रिक्षात बसले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव माणदेशात, डाळिंबाचं आणि टँकरचं. माझं लग्न कोकणात ठरलं तेव्हा भावकीतल्या बायकांना माझा हेवा वाटला होता, तो नवऱ्याचा नव्हे, पाण्याचा. आमच्याकडे ढग येतात, जरा थांबल्यासारखं करतात आणि निघून जातात. यंदाही तसेच गेले. शेवटी अण्णा म्हणाले, आमच्याकडचा पाऊस काही भेटत नाही, तुमच्याकडचा तरी बघून येतो. पण हे आपलं म्हणायला. खरं कारण आमच्या घरात होतं, अडीच वर्षांचं, आणि अण्णांनी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा ते पलंगाखाली लपून बसलं होतं.

लेक माझ्या माहेरी जन्मली. पहिले तीन महिने तिने अण्णांच्या मांडीवरच काढले. मग मी तिला घेऊन इकडे आले आणि पुढे काही ना काही आडवं येत गेलं. दिवाळीला निघावं तर तिला ताप. उन्हाळ्यात निघावं तर नवऱ्याचा आंब्याचा सीझन. त्या दिवसांत तो माझ्याशीसुद्धा पेट्यांच्या आडूनच बोलतो. राहता राहिला फोन. रोज दिवेलागणीला अण्णांचा व्हिडिओ कॉल यायचा आणि माझा फोन लेकीच्या ताब्यात जायचा. मग ती त्यांना मांजर दाखवायची, गुडघ्यावरचं खरचटलेलं दाखवायची, भात भरवायची. हो, भरवायची! माझ्या फोनच्या काचेवरून मी रोज वरणभात पुसलाय. अण्णाही तिकडे तोंड उघडून मचमच करायचे, एरवी जेवताना शब्द न काढणारा माणूस.

आता अण्णांना फोन काही नीट धरता येत नाही. किती वेळा सांगितलं, जरा खाली धरा, तोंड दिसू दे. पण नाही. त्यामुळे लेकीच्या ओळखीचे अण्णा म्हणजे एक उघडं, रुंद कपाळ, अर्धा चष्मा आणि वर फिरणारा पंखा. एवढेच. पायांसकट अण्णा तिने कळायला लागल्यापासून पाहिलेच नव्हते. त्यातून आमच्या घरात आले ते सहा फुटी, मिशीवाले, कपाळ पार झाकणारी पांढरी टोपी घातलेले, आणि पंख्याशिवायचे.

ती पलंगाखालून हळूच निघाली. आधी पाय बघितले. मग वर बघत गेली, मान पूर्ण मागे पडेपर्यंत बघत गेली, आणि असा काही टाहो फोडला की शेजारचा कुत्राही ओरडायला लागला. अण्णांनी हात पुढे केले होते. ते तसेच हवेत राहिले. मग त्यांनी पिशवीतलं डाळिंब काढून दाखवलं, शेंगांचे लाडू दाखवले, तोंडाने बैलाच्या घुंगरांचा आवाज काढला. ती माझ्या मानेत तोंड खुपसून, एका डोळ्याने लाडवाकडे बघत रडत राहिली.

सासूबाई म्हणाल्या, अगो राहू दे, सवय होऊ दे तिला. बरोबरच होतं त्यांचं. पण सवय व्हायला वेळ कुठे होता! आईला अण्णांच्या बरोबर येता आलं नव्हतं, कारण म्हैस व्यायला झाली होती आणि दोघांनी एकदम घर सोडणं शक्य नव्हतं. त्यामुळे अण्णांना रविवारच्या गाडीने परत जायचंच होतं. आणि आईने निघताना त्यांना बजावलं होतं, नातीला मांडीवर घेतलेला फोटो पाठवायचा. म्हशीपायी मी मागे राहतेय, तेव्हा तेवढं तरी माझ्या नशिबात असू दे, असं काहीबाही बोलली होती.

त्या संध्याकाळी दिवे लागले आणि लेकीने माझा पदर ओढला. 'अण्णा लाव.' मी म्हटलं, अगं अण्णा हे काय इथे बसलेत. तिने त्यांच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. 'हे नाही. अण्णा लाव!' मग रडणं, लोळणं, सगळं आलं. अण्णा गुपचूप उठले, टोपी खुंटीला अडकवली आणि मागच्या पडवीत गेले. मला वाटलं, डोळे पुसायला गेले असतील. इतक्यात माझा फोन वाजला.

लेकीने तो हिसकावला आणि तिचा चेहरा जो काय फुलला! मग रीतसर सगळा कार्यक्रम झाला. 'अण्णा, घरात बाबा आलाय,' अशी तक्रारसुद्धा करून झाली. म्हणजे बागुलबुवा. पडवीतून अण्णांचा आवाज आला, मग त्या बाबाला सांग लाडू दे म्हणून, आणि लगेच तोच आवाज फोनमधून आला. लेकीला त्यात काही खटकलं नाही. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पण हसले. पण मग भात भरवायची वेळ आली, आणि पडवीत, पावसाच्या आवाजात, भिंतीच्या पलीकडे माझा बाप एकटा तोंड उघडून मचमच करतोय हे माझ्या डोळ्यांपुढे आलं, तेव्हा माझं हसू पळालं.

जरा वेळाने आईचा फोन. घेतलं का मांडीवर? अण्णा म्हणाले, झोपलीय. दुसऱ्या दिवशीही झोपलीय. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, कोकणात पोरं येवढी झोपत्यात? तिला काय पाजता तरी काय?

नवऱ्याला आंब्यापासून सुटका मिळालेली होती, त्यामुळे तो रोज गाडी काढायचा आणि आम्ही रत्नागिरी बघायला निघायचो. आता भर पावसात कोण रत्नागिरी बघतं? समोरचा डोंगर धुकटात गेलेला, काचेवरचे वायपर दमलेले. लेक रेनकोटात, त्याला बेडकाचे डोळे. ती रेनकोट घालताना ओरडायची, घातल्यावर काढायचा नाही म्हणून ओरडायची. अण्णांची छत्री बंद. थिबा पॅलेसला गेलो तर नवरा हौसेने सांगायला लागला की, ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं होतं. अण्णांचं लक्ष पन्हळीतून पडणाऱ्या धारेकडे. ही धार जाते कुठं, म्हणाले. समुद्रात, दुसरं कुठे जाणार! सगळी? सगळी. त्यांनी असं तोंड केलं की जणू त्यांच्या खिशातून काढून घेतली. मग राजाकडे वळले आणि म्हणाले, घरच्यांपासनं लांब ठेवला व्हय बिचाऱ्याला.

पाण्याचं त्यांचं घरीही हेच चाललं होतं. सकाळी उठून बघते तर आमच्या पागोळ्यांखाली ओळीने बादल्या, पातेली, कळशी, लेकीचा प्लॅस्टिकचा टब. सासूबाई म्हणाल्या, अण्णा, आपली विहीर काठोकाठ भरलीय हो. तर म्हणाले, असू द्या, पण धार दिसली की हात थांबत न्हाई. लेक दाराआडून हे सगळं बघायची. ते आत गेले की बाहेर यायची आणि एका बादलीतलं पाणी दुसरीत ओतत बसायची. ते बाहेर आले की पळ.

मत्स्यालयात गेलो तिथे खरी गंमत सुरू झाली. काचेमागे मासे बघितल्यावर लेक म्हणाली, अण्णांना दाखव. अण्णा तिच्या मागेच उभे होते, दोन हातांवर. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आणि ते पलीकडे देवमाशाचा सांगाडा आहे त्याच्या आड गेले, टोपी खिशात घातली आणि फोन लावला. मग लेकीने त्यांना प्रत्येक मासा दाखवला. हा मोठा, हा पण मोठा, हा झोपला. सांगाड्याच्या फासळ्यांतून अण्णांची विजार दिसत होती. शाळेची सहल आली होती, ती पोरं माशांपेक्षा त्यांनाच जास्त बघत होती.

एकदा हे जमल्यावर तीच पद्धत पडली. भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. माझे वडील या वयात पहिल्यांदा समुद्र बघणार होते. खवळलेला, मातकट, पार रस्त्यापर्यंत गर्जणारा समुद्र. ते दोन मिनिटं उभे राहिले असतील नसतील, इतक्यात लेकीची ऑर्डर निघाली: अण्णांना समुद्र दाखव. झालं, अण्णा समुद्राकडे पाठ करून सुरूच्या बनात गेले आणि तिथून, माझ्या फोनमधून, बोटभर समुद्र बघितला. वर विचारलंही, केवढा आहे गं? लेकीने फोन हातात धरूनच दोन्ही हात पसरले, त्यामुळे त्यांना आभाळ, वाळू आणि माझी चप्पल दिसली. ते म्हणाले, बाप रे. तिकडे पावसात भिजत मुंबईची एक फॅमिली फिरत होती. त्यांना वाटलं, या झाडाखाली रेंज येते. ते सगळे फोन वर करून अण्णांभोवती येऊन उभे राहिले.

माझा मात्र पारा चढला. गाडीत बसल्यावर मी लेकीला ओरडले. म्हटलं, पुरे झाली तुझी नाटकं, हेच अण्णा आहेत, जा त्यांच्याकडे! आणि उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. ती ताठ झाली, अशी ताठ की वाकेचना, आणि श्वास कोंडून लाल झाली. अण्णांनीच तिला उचलून माझ्याकडे दिली. मग खिडकीतून बाहेर बघत ते म्हणाले, 'जबरदस्ती करू नगंस. फोनमधी तर फोनमधी, मला वळखती की ती.' नवऱ्याने गाडी सुरू केली. मी लेकीचं तोंड पुसत होते आणि मला रडू येत होतं. माझा बाप तीन घाट उतरून आला होता आणि त्याला गावाकडे जेवढी नात मिळायची तेवढीच इथेही मिळत होती. मला तिचाही राग आला आणि त्यांचाही, की हा माणूस इतक्यावर समाधान कसा मानतो.

शनिवारी किल्ल्यावर जायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, अगो केवढा वारा आहे, कुठे निघालात? पण रविवारी अण्णा जाणार होते, आणि घरात बसून चौघांनी एकमेकांकडे बघत बसण्यापेक्षा वारा परवडला. आईचा सकाळीच फोन येऊन गेला होता. आज फोटो आला न्हाई तर मी समजीन की पोरगी आजारी आहे, असं तिने सांगून टाकलं होतं.

वर दीपगृहाकडे जाणाऱ्या वाटेवर जांभ्याच्या चिऱ्यांची कमरेएवढी भिंत आहे. खाली समुद्र, समोर शहर, पण त्या दिवशी काहीही नव्हतं, नुसतं पांढरं. कातळावर जागोजाग लाल पाण्याची डबकी साचलेली. नवऱ्याने अण्णांना बोटाने हवेत दाखवलं, हे मिऱ्या, हे बंदर, इकडे बाजार. अण्णांनी तेवढ्याच गंभीरपणे सगळं नसलेलं बघितलं. मग ते आपण होऊनच भिंतीच्या वळणापलीकडे चालायला लागले. लेकीने सांगायच्या आधीच. छत्री माझ्याकडे देऊन गेले, वाऱ्याने मोडेल म्हणून.

फोन वाजला. लेक डबक्याच्या काठावर उभी राहून अण्णांना बेडूक दाखवायला लागली. बेडूक खरा होता, तिच्या बुटाशी बसलेला. तो तिला जवळून दाखवायचा होता म्हणून ती वाकली, बेडकाने उडी मारली, ती दचकली, आणि फोन गेला पाण्यात.

मी आणि नवरा दोघेही धावलो. पाणी फार नव्हतं, पण माझा फोन आधीच तडकलेला. लाल पाण्याखालून अण्णांचं कपाळ क्षणभर दिसलं, हललं, आणि विझलं. लेकीने ते पाहिलं. तिचं तोंड उघडं राहिलं, आवाज फुटेना. आणि मग फुटला तो असा फुटला की मी तो कधी ऐकला नव्हता, रडण्याचा नव्हे, भीतीचा.

'अण्णा बुडाले! अण्णा पाण्यात पडले!'

ती डबक्यात उतरली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी पाणी उपसायला लागली. नवऱ्याने फोन काढून हातात धरला होता, काळा ठिक्कर, तोंडातून पाणी गळणारा. ती त्याच्याकडे बघून आणखी ओरडायला लागली. मी तिला उचलायला गेले तर मला ढकललं. अण्णा, अण्णा, अण्णा, दुसरा शब्द नाही.

भिंतीपलीकडे अण्णांचा कॉल कटला असणार आणि तिचा आवाज त्यांना वाऱ्यावरून ऐकू गेला असणार. ते धावत आले. या वयात, निसरड्या कातळावरून, हातात स्वतःचा फोन, छत्री माझ्याकडे. टोपी खिशातच होती. वळणावरून आले ते नखशिखांत भिजलेले, चष्म्याच्या काचांवरून पाणी, मिशी खाली चिकटलेली, आणि वर ते उघडं रुंद कपाळ, निथळत असलेलं.

लेक एकदम गप्प झाली.

तिने नवऱ्याच्या हातातल्या मेलेल्या फोनकडे बघितलं. मग अण्णांकडे बघितलं. परत फोनकडे. मग डबक्यातून उठली, फचफच करत त्यांच्यापर्यंत गेली आणि मान वर करून म्हणाली, 'भिजले?'

'हां,' अण्णा म्हणाले. धाप लागली होती. 'भिजलो बघ.'

'बाहेर आले?'

अण्णांना काही कळलं नसावं. पण ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, 'आलो की.'

तिने रेनकोटाखालून फ्रॉकचं टोक ओढून काढलं आणि त्यांचं कपाळ पुसायला घेतलं. फ्रॉक तिच्या हातांपेक्षाही ओला. लाल चिखल त्यांच्या कपाळभर झाला. ते हलले नाहीत. ती रागावत होती, पाण्यात जायचं नसतं, शर्दी होते, माझंच बोलणं माझ्याच सुरात त्यांना ऐकवत होती, आणि सहा फुटी माझा बाप मान खाली घालून हो, चुकलं, हो, म्हणत होता. मग तिने दोन्ही हात वर केले. त्यांनी तिला उचललं. तिने त्यांच्या ओल्या खांद्यावर डोकं टाकलं, आणि मी त्यांची बंद छत्री पोटाशी धरून भर पावसात हुंदके देत उभी राहिले. नवरा म्हणाला, अगं छत्री उघड की. तेव्हा कुठे उघडली.

फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही. गाडीत बसल्यावर अण्णांनाच आठवलं, त्यांनी लेकीला मांडीवर घेऊन आपल्या फोनवर आपणच काढला आणि आईला पाठवला. आईचा लगेच फोन. काय हो हे, नुसतं कपाळ आलंय, तेही चिखलाचं, आणि पोरीची एक शेंडी! अण्णा म्हणाले, शेंडी मांडीवरची आहे.

उरलेली संध्याकाळ लेक त्यांना सोडायला तयार नव्हती. तिने त्यांना भात भरवला, आणि या वेळी तो खरोखर मिशीतून आत गेला. त्यांचे पाय तिने नीट तपासले, बोटं मोजली, मोजणी तीनपर्यंत येत असल्यामुळे पुन्हा पुन्हा मोजली. सकाळी दोघांनी मिळून बादल्या भरल्या, रिकाम्या केल्या, परत भरल्या. रविवारी एसटी हलली तेव्हा ती रडली, आणि अण्णांनी खिडकीतून छत्री हलवली, बंदच.

नंतरचे दोन-तीन दिवस मी पागोळीखालची एक बादली तशीच ठेवली होती. उचलायला हात होत नव्हता. नवऱ्याने मला त्याचा जुना फोन दिला. दिवेलागणीला कॉल आला, कपाळ आलं, अर्धा चष्मा आला, पंखा आला. लेक खूष झाली, बोलली, आणि फोन घेऊन पडवीत गेली. मी चुलीपाशी होते. म्हटलं, मांजर दाखवत असेल.

बराच वेळ आवाज नाही म्हणून बाहेर आले. ती पायरीवर बसली होती, बादलीकडे तोंड करून. मांडीवर माझा टॉवेल, दोन्ही हातांनी उघडून धरलेला. बादलीच्या तळाशी फोन. मी झटकन हात घालायला गेले तर तिने माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात म्हणाली, 'थांब. अण्णा येतायत.'

ओरडायला तोंड उघडलं होतं मी, ते तसंच मिटलं. तिच्याशेजारी पायरीवर बसले. मग सासूबाईंचा फोन मागून घेतला आणि अण्णांना लावला. ते आधीच घाबरलेले, बोलता बोलता कॉल कटला म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं, बादली, टॉवेल, सगळं.

मग म्हणाले, 'म्हैस आज पहाटे व्याली. उद्याची गाडी मिळती का बघतो. तिला म्हणावं, टॉवेल तसाच धर.'